दसऱ्याची गाडी: जालन्यातल्या एका आलिशान गाडीच्या चार वर्षांचा हिशेब

गाडी माझ्या मावसभावाची. जालन्यात त्यांना सगळे आप्पा म्हणतात, मीही आप्पाच म्हणतो. नव्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारपेठेत, त्यांचं बियाणं-खतांचं दुकान आहे आणि एमआयडीसीत जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करण्याचा कारखाना. दुकान त्यांच्या एकट्याच्या नावावर, जिनिंग प्रायव्हेट लिमिटेड. दोन्हीकडचे हिशेब मी पाहतो, त्यामुळे या गाडीचा पहिल्या पावतीपासूनचा प्रत्येक कागद माझ्या हातून गेलेला आहे. आप्पांना विचारूनच हे लिहितो आहे. रकमा त्यांच्या फायलीतल्या आहेत, वाचायला सोप्या जाव्यात म्हणून गोल केल्या आहेत. गाडीच्या कंपनीचं आणि शोरूमचं नाव लिहिलेलं नाही, कारण जे बिघडलं त्यात गाडीपेक्षा आमच्या निर्णयाचा वाटा मोठा होता. त्या निर्णयाच्या वेळी मी आप्पांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो.

ओढ कुठून लागली

याची सुरुवात ऑक्टोबर २०१० मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत आहे. शहरातल्या उद्योजकांनी, व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा होता, आणि त्यातले ४० कोटींच्या वर कर्ज स्टेट बँकेने दिलं होतं. व्याजाचा दर ७ टक्के असल्याचं तेव्हा गाजलं. त्याच मराठवाड्यात शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी याहून कितीतरी महाग कर्ज मिळत होतं, आणि त्यावर टीकाही झाली. ती टीका मला तेव्हाही पटली होती, आजही पटते. पण साठ किलोमीटरवर जालन्यात बसलेल्या आप्पांनी त्या बातमीतून वेगळं काही उचललं. पुण्या-मुंबईला न जाता, मराठवाड्यात राहून धंदा करणाऱ्या माणसाच्या दारातही अशी गाडी उभी राहू शकते, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

तेव्हा त्यांच्याकडे एक बोलेरो होती. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको उभी केली आणि हे गाव बियाण्यांचं गाव झालं. आप्पांच्या वडिलांनी त्याच लाटेत मोंढ्यात एक गाळा घेतला होता. आप्पांनी तो गाळा तिप्पट केला, जिनिंग घातलं, दोन मुली शिकवल्या, सगळं कर्ज फेडलं. अकरा वर्षं थांबून त्यांनी गाडीचा विषय काढला. ही हौस उधळपट्टीची नव्हती. त्यांनी तिच्यासाठी वाट पाहिली होती, आणि हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे आकडे वाचून कुणाचंही मत पटकन बनेल.

मुहूर्त आणि डिझेल

सप्टेंबर २०२१. आप्पा, वहिनी, मावशी म्हणजे आप्पांच्या आई, आणि मी, असे चौघं शोरूमला गेलो. गाडी जर्मन कंपनीची, मोठी सेडान, मागच्या सीटला भरपूर जागा. टेस्ट ड्राइव्हला शेंद्र्याच्या दिशेने निघालो. मावशींना मागे बसवलं होतं. डोक्यामागे एक मऊ उशी असते, तिच्यावर त्यांनी मान टेकली आणि शेंद्रा येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. उतरताना म्हणाल्या, "यात कंबरेला हादरा बसत नाही रे." सौदा त्या वाक्यालाच ठरला. बाकी सगळी बोलणी झाली ती कागदांची.

आप्पांच्या मनात पेट्रोल गाडी होती. पण ते वर्ष चिपच्या टंचाईचं. जगभर गाड्यांचं उत्पादन अडलं होतं, आणि हव्या त्या पेट्रोल मॉडेलला तीन महिने लागतील असं शोरूमने सांगितलं. डिझेल मात्र स्टॉकमध्ये होती आणि दसऱ्याला मिळत होती. दसरा १५ ऑक्टोबरला होता. आप्पांच्या घरात सहसा दसरा सोडून वाहन घेत नाहीत. बोलेरोही दसऱ्याची, वडिलांची पहिली राजदूतही दसऱ्याची. "तीन महिने थांबायचं म्हणजे दसरा गेला, मग पाडवाच," असं आप्पा म्हणाले. शोरूममधला मुलगा म्हणाला, डिझेलला ॲव्हरेज जास्त, ताकद जास्त, लांबच्या प्रवासाला उत्तम. यातलं काहीच खोटं नव्हतं.

त्या टेबलावर एक प्रश्न कुणीच विचारला नाही: ही गाडी रोज कुठे जाणार? त्याने विचारला नाही, आम्हालाही सुचला नाही. तो प्रश्न विचारला असता तर उत्तर सोपं होतं. घरून मोंढ्यात तीन किलोमीटर, मोंढ्यातून जिनिंगला सहा, दुपारी जेवायला परत. कुंडलिका नदीच्या अल्याड-पल्याड दिवसातून चार फेऱ्या, आणि एकही फेरी पंधरा मिनिटांपेक्षा मोठी नाही.

आरसी कुणाच्या नावावर

दुसरा निर्णय पासिंगचा होता. तो माझ्या कामाचा भाग, आणि तिथे मी कमी पडलो.

महाराष्ट्रात २० लाखांच्या वरची डिझेल गाडी व्यक्तीच्या नावावर घेतली तर वाहन कर १५ टक्के, कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. गाडीची एक्स-शोरूम किंमत ६६.५ लाख होती. आप्पांच्या नावावर कर बसत होता जवळपास १० लाख, जिनिंगच्या कंपनीच्या नावावर १३.३ लाख. शोरूमच्या माणसाने हा ३.३ लाखांचा फरक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दाखवला. हा फरक त्याच दिवशी खिशातून जाणार होता, म्हणून तो सगळ्यांना दिसला.

न दिसणारी बाजू घसाऱ्याची होती, म्हणजे वस्तू जुनी होते तसा तिच्या किमतीचा जो भाग दरवर्षी खर्च म्हणून नफ्यातून वजा करता येतो त्याची. गाडी कंपनीच्या नावावर असती तर आयकरात दरवर्षी शिल्लक किमतीवर १५ टक्के घसारा मिळाला असता. पहिल्या वर्षी निम्माच, कारण १५ ऑक्टोबर ते ३१ मार्च हे १६८ दिवस होतात आणि पूर्ण घसाऱ्याला १८० दिवस वापर लागतो. दसरा दोन आठवडे आधी आला असता तर पहिल्याच वर्षी पूर्ण मिळाला असता. तरीही करासकट ७९.८ लाख किमतीवर मार्च २०२५ पर्यंतच्या चार आर्थिक वर्षांत सुमारे ३४ लाख घसारा झाला असता. कंपनीचा कर सगळं धरून २५ टक्क्यांच्या थोडा वर आहे, म्हणजे साडेआठ लाखांहून जास्त कर वाचला असता. कर्जाच्या व्याजाची वजावट मिळाली असती ती आणखी वेगळी. घरच्या वापराचा भाग म्हणून आप्पांच्या पगारात थोडी सुविधेची रक्कम धरावी लागली असती, पण ती या आकड्यांपुढे नगण्य आहे.

हे मी त्या दिवशी तोंडी सांगितलं होतं. आप्पा म्हणाले, "तू म्हणतोस ते नंतरचं आहे. आज तीन लाख वाचतायत." मी तिथे कागद काढून पाच वर्षांचा तक्ता मांडायला हवा होता. मांडला नाही. मावशी खुर्चीत अवघडून बसल्या होत्या, वहिनी रंग बघत होत्या, सगळ्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि त्यात खोडा घालणारा मी होऊ नये असं वाटलं. सल्ला देणाऱ्याने हे असं वाटून घ्यायचं नसतं. आज कुणी अशी गाडी घेताना मला बोलावलं तर मी आदल्या रात्री तक्ता करून नेतो आणि शोरूमला जायच्या आधी घरीच दाखवतो.

सगळं मिळून ऑन-रोड जवळपास ८० लाख झाले. त्यातले २० लाख रोख आणि ६० लाख कर्ज, पाच वर्षांचं, ८ टक्क्यांनी. हप्ता १ लाख २१ हजार ६५८ रुपये. बिलावर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आगाऊ आयकर, होता, १० लाखांवरच्या प्रत्येक गाडीला तो लागतो. तो विवरणपत्रात वळता करून घेतला. कित्येक लोक हे विसरतात आणि साठ-सत्तर हजार तसेच सोडून देतात.

मोंढ्यातली नजर

दसऱ्याला गाडी आली. झेंडू, आपट्याची पानं, चाकाखाली लिंबं, सगळं झालं. पहिला हिवाळा छान गेला. शिर्डी झाली, तुळजापूर झालं, थोरल्या मुलीला सोडायला पुण्याला जाऊन आले.

मग २०२२ चा जून आला. पेरणीच्या तोंडावर मोंढ्यात पाय ठेवायला जागा नसते. दुकानासमोर गाडी उभी होती. भोकरदनकडचा एक जुना गिऱ्हाईक शेतकरी कापसाच्या बियाण्याच्या पाकिटांचे पैसे मोजून देत होता. त्याने गाडीकडे पाहिलं, हातातल्या नोटांकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "आप्पा, एका पाकिटामागं किती सुटतंय म्हणायचं आता?"

त्यात टोमणा नव्हता. माणूस खरंच हिशेब करत होता. कापसाच्या बियाण्याची किंमत सरकार ठरवतं, दुकानदाराचं कमिशन ठरलेलं असतं, आणि आप्पांची गाडी आली ती जिनिंगच्या नफ्यातून आणि वीस वर्षांच्या बचतीतून. पण हे काउंटरवर उभं राहून कुणाला समजावून सांगणार? त्या हंगामात उधारी मागताना माणसं थोडी जास्त आग्रहाने बोलू लागली, आणि वसुलीला गेलं की थोडी जास्त नाराजीने. आप्पांना ते लागलं. जुलैपासून त्यांनी मोंढ्यात जायला पुन्हा बोलेरो काढली.

घेण्याच्या वेळी हा मुद्दा आमच्यापैकी कुणाच्याही मनात आला नव्हता. मोठ्या शहरात अशा हजारो गाड्या रस्त्यावर असतात, तिथे मालकाकडे कुणी वळून पाहत नाही. जिल्ह्याच्या गावात धंदाच ओळखीवर चालतो. तिथे गाडी दुकानाची पाटी होते, आणि त्या पाटीवर काय लिहिलं आहे हे गिऱ्हाईक आपापल्या परीने वाचतं. डॉक्टर, वकील, बांधकामवाले यांना याचा कधी फायदा होतो. बियाणं विकणाऱ्याला तो होत नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

याचा थेट परिणाम गाडीवर झाला. मोंढ्याची आणि जिनिंगची फेरी बोलेरोकडे गेली, आणि ही गाडी घरची झाली. देवळात जायचं, भाजी आणायची, धाकटीला क्लासला सोडायचं. आधीच छोट्या असलेल्या फेऱ्या आता दोन-दोन किलोमीटरच्या झाल्या. इंजिन नीट गरम होण्याच्या आत बंद होऊ लागलं.

नारिंगी दिवा

डिसेंबर २०२२ मध्ये डॅशबोर्डवर नारिंगी दिवा लागला. डीपीएफचा.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगतो, कारण या प्रकरणाचा गाभा इथे आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे वाहनांच्या धुराचे नियम आले. डिझेल इंजिनाच्या धुरात काजळी असते, आणि ती बाहेर जाऊ नये म्हणून सायलेन्सरच्या वाटेवर एक बारीक जाळीचं गाळणं बसवलेलं असतं, तेच डीपीएफ. गाळणं भरत आलं की गाडी ते स्वतःच साफ करते. इंजिन जरा जास्तीचं डिझेल सोडतं, धुराचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं आणि साठलेली काजळी जाळून टाकतं. याला रिजनरेशन म्हणतात. पण त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं एका लयीत, मोकळ्या रस्त्यावर चालावी लागते. मध्येच गाडी बंद केली की काम अर्धवट राहतं, आणि जास्तीचं सोडलेलं डिझेल सिलेंडरच्या भिंतींवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं.

आमच्या गाडीत हेच होत होतं, बहुधा कित्येक महिने. सर्व्हिस सेंटरने फोनवर सांगितलं की हायवेला काढा, दिवा जाईल. काढली, गेला. दहा दिवसांनी पुन्हा आला. मग आप्पांनी ती जालन्यातल्याच आमच्या जुन्या मेकॅनिककडे नेली. तो अशा गाड्यांना हात लावत नाही, पण त्याचं नाक पक्कं आहे. बॉनेट उघडून त्याने ऑइल भरायचं झाकण फिरवून काढलं, झाकणाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं आणि दोन बोटांत ते चोळलं. ऑइल बोटांवर धरत नव्हतं, पाण्यासारखं ओघळत होतं. त्याने ते माझ्या नाकाजवळ आणलं. घासलेटाच्या कंदिलाजवळ येतो तसा वास होता. तो म्हणाला, "हे आता ऑइल राहिलं नाही, काका. यावर गाडी चालवू नका."

गाडी तशीच न्यायची नाही म्हणून फ्लॅटबेडवर टाकून नेली. सर्व्हिस सेंटरमध्ये मशीन लावून रिजनरेशन केलं, ऑइल आणि फिल्टर बदलले. वॉरंटी होती, पण वापरामुळे भरलेलं गाळणं तिच्यात बसत नाही. अटींच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं होतं. मी ती पुस्तिका पहिल्यांदा त्या दिवशी वाचली.

तीस फेऱ्या

जानेवारी २०२३ मध्ये मावशींचं दुखणं निघालं. शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी रेडिएशनचे तीस डोस सांगितले. आठवड्याला पाच, सहा आठवडे, रोज संभाजीनगरला जायचं आणि यायचं. जालन्यात ती सोय नव्हती.

त्याच्या महिनाभर आधी, ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला होता. जालन्याहून निधोन्याला चढायचं आणि सावंगीला उतरायचं. पहिल्या दिवशी बोलेरोने गेले, कारण ही गाडी नुकतीच सर्व्हिस सेंटरमधून आली होती आणि आप्पांचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता. परत येताना मावशींना तीनदा उलटी झाली. दुसऱ्या दिवशी ही गाडी काढली.

त्या सहा आठवड्यांत मीही सात-आठ वेळा सोबत गेलो. मावशी मागच्या सीटवर, उशीला डोकं टेकवून, अंगावर शाल. काच बंद केली की बाहेरच्या ट्रकचा आवाज इतका कमी होई की त्यांचा श्वास ऐकू येत असे. निधोन्याला चढलं की पाचव्या-सहाव्या मिनिटाला त्यांना झोप लागायची आणि थेट सावंगीच्या टोलवर जाग यायची. परतीला मळमळ असायची, पण उलटी पुन्हा एकदाही झाली नाही. घरी आल्यावर त्या स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढायच्या. वहिनी आजही सांगतात की त्या दिवसांत आईंनी जेवण सोडलं नाही ते या गाडीमुळे. वैद्यकीयदृष्ट्या यात किती तथ्य आहे हे डॉक्टर सांगतील. मी पाहिलं ते एवढंच, की थकून गेलेलं म्हातारं माणूस रोज दीड-दोन तास प्रवास करूनही आणखी थकत नव्हतं.

आणि त्या सहा आठवड्यांत नारिंगी दिवा एकदाही लागला नाही. रोज जाताना-येताना मोकळ्या रस्त्यावर एका वेगात पाऊण तास गाडी चालत होती. ॲव्हरेज शहरात नऊ-दहा पडायचा, तो सतराच्या वर गेला. ही गाडी ज्या कामासाठी बनवली होती ते काम तिला चार वर्षांत सलग असं तेव्हाच मिळालं.

मावशी आता बऱ्या आहेत. दर सहा महिन्यांनी तपासणी असते.

पुढची दोन वर्षं

उपचार संपले आणि गाडी पुन्हा देवळाच्या आणि क्लासच्या फेऱ्यांना लागली. आम्हाला कारण कळलं होतं, तरी सवय बदलली नाही. हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

डिसेंबर २०२३ मध्ये जिनिंगच्या गेटवर कापसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली वळताना गाडीच्या पुढच्या कोपऱ्याला घासली. ट्रॅक्टरवर एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा होता. तो इतका घाबरला की खाली उतरेना. आप्पा गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू कापूस उतरव आधी. विमा आहे." हेडलाइटचा एक संच १ लाख ९० हजारांचा निघाला. हल्लीच्या हेडलाइटमध्ये बल्ब बदलत नाहीत, अख्खा संचच बदलतात. विम्यात झिरो डेप होती, म्हणजे भाग जुना झाला म्हणून भरपाईत कपात होत नाही, म्हणून आप्पांना फक्त फाइल चार्ज आणि हजार-दोन हजार किरकोळ पडले. अशा गाडीला विम्यात झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट या दोन गोष्टी सोडू नयेत. इंजिन प्रोटेक्ट नसेल तर पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढताना इंजिनात पाणी शिरलं की विमा कंपनी हात वर करते, आणि इंजिनाचा खर्च लाखांत असतो.

अंबड रस्त्यावरच्या एका खड्ड्यात टायरच्या बाजूला फुगा आला. कमी उंचीचं टायर असल्याने खड्ड्याचा मार थेट रिमवर येतो. वर्षभरात चारही टायर बदलले, त्याचे १ लाख १० हजार झाले. स्टेपनी डिकीत इतकी जागा खाते की चार जणांच्या बॅगा ठेवायच्या म्हणजे एक बॅग मांडीवर येते. पुण्याला जाताना वहिनींची दरवेळी तीच तक्रार.

ऑगस्ट २०२४ मध्ये गाळणं पूर्ण भरलं. गाडीने ताकद कमी करून टाकली, चाळीसच्या वर जाईना. वाढीव वॉरंटी घेतलेली नव्हती. नवं गाळणं ३ लाख २० हजारांचं सांगितलं. आप्पांनी विचारलं म्हणून मी चार ठिकाणी फोन केले. शेवटी पुण्याच्या एका वर्कशॉपने गाळणं काढून मशीनवर धुऊन दिलं. ३८ हजारांत काम झालं, आणि ते आजवर टिकलं आहे. नवा भाग घेण्याआधी हा पर्याय विचारावा. सगळीकडे तो आपणहून सांगितला जात नाही.

आकडा

ऑक्टोबर २०२५ मध्ये गाडीला चार वर्षं झाली. आप्पा विकायच्या विचारात होते, म्हणून मी पूर्ण हिशेब मांडला. ऑन-रोड किमतीतून परत मिळालेला टीसीएस वजा केला तर ७९ लाख. चार वर्षांत फेडलेलं व्याज १२.४ लाख. दुसऱ्या वर्षापासूनचा विमा साडेपाच लाख. सर्व्हिस २.३ लाख. गाळणं आणि ऑइलची कामं ७० हजार. टायर १.१ लाख. ३४,००० किलोमीटरचं डिझेल २.८ लाख. एकूण १०४ लाख. ड्रायव्हरचा पगार यात नाही, तो बोलेरोही चालवतो.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने ऑगस्टमध्ये ३३ लाख सांगितले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी बदलला. आधी २८ टक्के आणि वर २० टक्के सेस असे ४८ टक्के होते, ते सरसकट ४० टक्के झाले. १४८ ची वस्तू १४० ला, म्हणजे नव्या गाडीची एक्स-शोरूम किंमत पाच टक्क्यांहून थोडी जास्त उतरली. ८० लाखांच्या गाडीत हा फरक चार लाखांच्या वर जातो. नवी स्वस्त झाली की जुनीही उतरते. ऑक्टोबरमध्ये त्याच व्यापाऱ्याने २९.५ लाख सांगितले.

१०४ मधून २९.५ गेले, राहिले साडेचौऱ्याहत्तर लाख. भागिले ३४,००० किलोमीटर. एका किलोमीटरला सुमारे २२० रुपये. यातले इंधनाचे फक्त आठ-साडेआठ रुपये, आणि शोरूममध्ये आम्ही चर्चा केली होती ती या आठ रुपयांची.

आकडा आप्पांसमोर ठेवला. त्यांनी बराच वेळ कागद पाहिला. मग विचारलं, "त्या तीस फेऱ्यांचे किती झाले?" मी म्हणालो, तीस फेऱ्या, जाऊन-येऊन १३० किलोमीटर, ३,९०० किलोमीटर, साडेआठ लाखांच्या वर. ते म्हणाले, "तेवढे मला मान्य आहेत. बाकीचे चुकले."

मला यापेक्षा वेगळं काही म्हणायचं नाही. गाडी घेणं चुकलं नाही. मुहूर्तापायी डिझेल घेतली हे चुकलं, ती आप्पांच्या नावावर केली हे चुकलं, आणि कारण कळल्यावरही दीड वर्ष तिला गल्लीत फिरवलं हे सगळ्यात जास्त चुकलं. पेट्रोल असती तर हे गाळण्याचं दुखणं निघालंच नसतं. कंपनीच्या नावावर असती तर जास्तीचा वाहन कर भरूनही वरच्या आकड्यातून आठ लाखांच्या वर उतरले असते. आणि रोजच्या तीन किलोमीटरला बोलेरो किंवा एखादी छोटी इलेक्ट्रिक गाडी पुरते, हे आज घरातल्या सगळ्यांना पटलं आहे. धाकटीच्या क्लाससाठी तशी इलेक्ट्रिक गाडी गेल्या पाडव्याला घेतलीही.

मोठी गाडी विकायची नाही असं ठरलं. २९.५ लाखांना दिली तर तिच्यातला आराम दुसरा कुणी उपभोगेल आणि झालेला तोटा आपल्याकडेच राहील, असं आप्पांचं म्हणणं. मला ते योग्य वाटतं. सर्वात मोठी घसरण पहिल्या चार वर्षांत झाली आहे. इथून पुढे ती दरवर्षी कमी होत जाईल, आणि शेवटचा हप्ता ऑक्टोबर २०२६ मध्ये आहे. वापर मात्र बदलला. गावात ती निघत नाही. तपासणीला, लग्नकार्याला, पुण्याला, नागपूरला जाते.

आणि कुठेच जायचं नसेल तर रविवारी सकाळी सातला आप्पा ती स्वतः काढतात. निधोन्याला चढायचं, सावंगीला उतरायचं, एक चहा, परत. मागे मावशी असतात, शाल पांघरून. त्यांना गाळण्याचं सगळं समजावून सांगितलं आहे. गेल्या रविवारी मीही होतो. सावंगीचा टोल आला तशा त्या जाग्या झाल्या, पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "झालं का रे तिचं जळून?" आप्पांनी डॅशबोर्डकडे पाहिलं आणि मान हलवली.